दगड जळत नाही, राळ जळते

ओट्यावर टेकलेला गरम तवा उचलला आणि खाली तपकिरी गोल उमटलेला दिसला, की घरात दोन प्रश्न विचारले जातात: कोणी ठेवला, आणि आता हे कशाने निघेल? पहिल्याचा निवाडा ज्याने त्याने आपापल्या घरात करावा. दुसरा प्रश्न मात्र मुळातच उलट्या बाजूने धरलेला आहे. ‘कशाने निघेल’ असे विचारताना आपण समजून चालतो की ओट्यावर बाहेरचे काहीतरी येऊन बसले आहे. हळदीचा डाग तसा असतो, उतू गेलेल्या दुधाची करपलेली साय तशी असते. भाजल्याची खूण बहुधा तशी नसते. ओटा ज्याचा बनला आहे त्यातलाच काही भाग तिथे रासायनिकदृष्ट्या बदललेला असतो, आणि बदललेली वस्तू पुसून पूर्ववत होत नाही. म्हणून आधी शोधायचे ते हे, की जळले नेमके काय? गेल्या काही दशकांत आपल्या घरांत आलेले बहुतेक नवे ओटे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर जवळपास नेहमी एकच येते: राळ, म्हणजे बाजारात जिला रेझिन म्हणतात ती. ती ओट्यात किती आहे आणि कोणत्या थरात आहे, एवढे कळले की डाग जाईल की राहील, घासायचा की कापायचा, हे ठरते. घासण्याआधी हे शोधून काढावे, एवढेच या प्रकरणाचे म्हणणे आहे.

आपल्याकडच्या जुन्या ओट्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा काळा कडप्पा काय किंवा कलबुर्गीजवळच्या शहाबादची फरशी काय, दोन्ही चुनखडकाच्या जातीचे दगड. चुनखडकातले कॅल्शियम कार्बोनेट विघटित व्हायला आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. घरगुती तव्याची तेवढी मजल नाही. चुलीवरून उतरवलेली कढई थेट कडप्प्यावर ठेवली, वर्षानुवर्षे ठेवली, तरी दगडाला त्याचे काही नव्हते. फार तर कधी एखादा पापुद्रा सुटायचा. सांडशीत भांडे धरायचे आणि हाताला येईल तिथे टेकवायचे ही सवय अशा दगडावर घडली. पुढे ओटा बदलला, सवय तशीच राहिली. नव्या सदनिकेतल्या पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झवर, किंवा परदेशात शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या भाड्याच्या घरातल्या लॅमिनेटच्या पृष्ठभागावर, ती जुनीच सवय नव्या वस्तूला भेटते. अनामत रक्कम कापून जाते तेव्हा दोष निष्काळजीपणाला दिला जातो. खरे तर तो हात आधीच्या ओट्याशी अगदी सुसंगत वागत असतो.

कुठले भांडे किती तापते याचा अंदाज बांधायला तापमापक लागत नाही. प्रेशर कुकर शिट्टीला आला की आतले पाणी साधारण १२० अंशांना उकळत असते, आणि आत पाणी आहे तोवर त्याचा तळ त्याहून फार वर जात नाही. तळणीचे तेल १७० ते १९० अंशांच्या दरम्यान असते. कढईचा तळ त्याहून थोडा जास्त. तव्याचे गणित निराळे, कारण त्यात पाणीही नाही आणि तेलही नाममात्र. भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडून पाहतात. थेंब चर्रकन आटला तर तवा अजून पुरेसा तापलेला नाही. थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर नाचू लागली तर तवा तयार. या नाचणाऱ्या थेंबाचा अभ्यास लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने १७५६ साली प्रसिद्ध केला, आणि हा प्रकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते म्हणून तो आटण्याऐवजी घरंगळतो, आणि त्यासाठी धातू साधारण १९० ते २०० अंशांच्या पुढे जावा लागतो. तेव्हा थेंब नाचवणारा तवा दोनशेच्या घरात आहे हे निश्चित. मोठ्या आचेवर रिकामा विसरला तर तीनशेच्याही पुढे. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण आता ओट्याच्या बाजूचा आकडा पाहायचा आहे.

क्वार्ट्झच्या ओट्याला लोक दगड समजतात, आणि दुकानदार तो समज दूर करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. इटलीतल्या ब्रेटन या कंपनीने विकसित केलेल्या तंत्राने हा पत्रा बनतो: गारगोटीचा चुरा आणि पॉलिएस्टर राळ एकत्र कालवायची, निर्वात पोकळीत कंपन देत दाबायची आणि मग भट्टीत पक्की करायची. माहितीपत्रकात ‘नव्वद टक्क्यांहून अधिक नैसर्गिक क्वार्ट्झ’ असे ठळक छापलेले असते. ते खोटे नाही, पण ते प्रमाण वजनाचे आहे. ९२ भाग गारगोटी आणि ८ भाग राळ धरली, तर राळेची घनता गारगोटीच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे आकारमानात तिचा वाटा सोळा-सतरा टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. गारगोटीचा प्रत्येक कण या सहाव्या हिश्श्याने शेजारच्या कणाला धरलेला असतो. चिक्कीतले शेंगदाणे कितीही खमंग भाजलेले असोत, वडी धरून ठेवतो तो गूळच. बहुतेक उत्पादक या पत्र्याची उष्णतेची मर्यादा १५० अंशांच्या आसपास सांगतात, आणि ती मर्यादा गारगोटीची नसून राळेची आहे. गारगोटीत स्फटिकरचना बदलण्याइतका फरक पडायला ५७३ अंश लागतात. थेंब नाचवणारा तवा यांच्या बरोबर मधे येतो: दगडाला न शिवता तो राळ पिवळी करतो.

यावर ओटे विकणाऱ्यांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. क्वार्ट्झ ग्रॅनाइटपेक्षा कठीण, त्यावर सुरी फिरवली तरी ओरखडा उठत नाही. मग तो उष्णतेला का भिणार? कठीणपणा आणि उष्णता सोसण्याची ताकद या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. ओरखड्याला तोंड देतात ते गारगोटीचे कण, आणि मोह्सच्या कठीणपणाच्या श्रेणीत त्यांचा क्रमांक सातवा लागतो. उष्णतेला तोंड द्यावे लागते ते कणांमधल्या राळेला. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे, कारण तो अनुभवातून येतो: ‘दहा वर्षे आमचा कुकर याच ओट्यावर उतरतोय, काही झाले नाही.’ ते खरेच असणार. कुकरचे १२० अंश राळेच्या मर्यादेच्या आत आहेत, शिवाय भांडे टेकताच निवू लागते. पण कुकरच्या अनुभवावरून तव्याला परवानगी देता येत नाही. आतले पाणी आटून कोरडा पडलेला कुकरसुद्धा मग कुकर न राहता जाड बुडाचा तवाच होतो. आणि जो ओटा पिवळा पडला नाही तो तडकणार नाही असेही नाही. एकाच जागी उष्णता लागली की तेवढाच भाग प्रसरण पावतो आणि भोवतालचा थंड भाग त्याला आवळून धरतो. बेसिनसाठी किंवा हॉबसाठी पत्रा जिथे कापलेला असतो त्या कोपऱ्यांत हा ताण एकवटतो. ओट्यांच्या भेगा तिथूनच निघालेल्या दिसतात, तव्याच्या जागेपासून वीतभर दूर, आणि मग तव्याचा त्यात हात आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

क्वार्ट्झवर पिवळट किंवा पांढुरका गोल उमटलाच तर काय करावे? खरे सांगायचे तर घरी करण्यासारखे फारसे काही नाही. राळेचे रासायनिक बंध तुटलेले असतात. कोणताही साबण, सोडा किंवा ब्लीच ते जोडत नाही. डाग अगदी वरवर असेल तर कारागीर हिऱ्याच्या पॅडने वरचा थर उतरवून पुन्हा चकाकी आणू शकतो, पण तेवढ्या जागेची झळाळी भोवतालच्या कारखानी झळाळीशी मिळतेच असे नाही. डाग खोल असेल तर तुकडा कापून दुसरा बसवणे, नाहीतर त्यासह जगणे. यात एक गोष्ट मात्र घरच्या घरी अजिबात करू नये: यंत्र लावून कोरडे घासणे. त्या धुळीत अतिसूक्ष्म सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, ज्यावर बरा करणारा इलाज नाही. हा आजार आपल्याला नवा नाही. खंबातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. ऑस्ट्रेलियात क्वार्ट्झचे ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांत तो इतका दिसू लागला की त्या देशाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या पत्र्यांचे उत्पादन, विक्री आणि बसवणे यांवर बंदी घातली. तेव्हा कारागीर बोलावला तरी पाणी सोडूनच काम करायला सांगावे आणि त्याच्या तोंडावर योग्य मुखवटा आहे का, हे पाहावे. स्वयंपाकघरातला एक पिवळा गोल कुणाच्या छातीपेक्षा महाग नाही.

लॅमिनेटची, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या सनमायकाची, गोष्ट याहून नाजूक आहे. त्यात दगड नाहीच. कागद आणि राळ एवढाच मामला. फिनॉलिक राळेत भिजवलेले तपकिरी कागद खाली, त्यावर नक्षीचा कागद मेलामाइन राळेत भिजवलेला, आणि हे सगळे तापवून प्रचंड दाबाखाली एकजीव केलेले. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे अमेरिकेतले फॉर्मायका. वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणाऱ्या ओ’कॉनर आणि फेबर या दोन अभियंत्यांनी ते १९१२-१३ च्या सुमारास तयार केले, तेही स्वयंपाकघरासाठी नव्हे, विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला. संपूर्ण पत्रा एक मिलिमीटरच्या आत-बाहेर जाड, आणि डोळ्यांना दिसणारा रंगनक्षीचा थर त्याचा छोटासा अंश. युरोपीय प्रमाणानुसार अशा पत्र्याची चाचणी घेतात ती १६० अंशांना तापवलेला धातूचा ठोकळा त्यावर २० मिनिटे ठेवून. चाचणीचा आकडाच सांगतो की दोनशेचा तवा त्याच्या हिशेबात धरलेला नाही. ही राळ एकदा पक्की झाली की वितळत नाही. ती फुगते, तडकते आणि शेवटी कोळसा होते. शिवाय खालचे प्लाय किंवा भुशाची फळी उष्णता पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे सगळा मार त्या पातळ कातडीवरच बसतो. याचा पुरावा या उद्योगाच्याच इतिहासात आहे. १९३० च्या दशकात कॅफेतल्या टेबलांवर सिगारेटी विझून डाग पडू लागले, तेव्हा नक्षीच्या कागदाखाली धातूचा पातळ पत्रा घालून त्यावर तोड काढली गेली. धातूने उष्णता आजूबाजूला पसरवली आणि एका बिंदूवरचे तापमान उतरले. राळ तीच होती. उष्णतेला वाट मिळाली एवढाच फरक.

या पातळ कातडीमुळे लॅमिनेटवर पॉलिश पेपर चालवणे हा निव्वळ आत्मघात. करपलेला भाग निघेपर्यंत नक्षी निघून गेलेली असते आणि खालचा तपकिरी कागद वर येतो. रंगीत भरणी मिळते, तिने छोटा डाग झाकतो, पण ती पुन्हा तापली की उठून दिसते. सगळ्यात टिकाऊ उपाय दिसायला धीट आहे: जळलेला चौकोन नीट आखून कापून काढायचा आणि तिथे स्टीलचा पत्रा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा बसवायचा. जोड लपवायचा प्रयत्नच करायचा नाही. त्याने डाग जातो आणि भांडे टेकवायला हक्काची जागाही मिळते. ‘डाग आहे तसाच ठेवला तर काय बिघडते?’ असे कुणी विचारेल. कडप्प्यावर किंवा ग्रॅनाइटवर काहीच बिघडत नाही. लॅमिनेटवर मात्र पत्रा तडकला असेल तर बिघडते; त्या चिरेतून पाणी आत शिरते, भुशाची फळी फुगते आणि वर्षभरात तळहाताएवढ्या डागाची हातभर पोळी झालेली असते. तात्पुरते का होईना, ती चीर सिलिकॉनने बुजवावी.

आता या प्रकरणाच्या मूळ मुद्द्यावरच एक रास्त हरकत घेता येईल. राळच जळते म्हणता, तर जिथे राळ सर्वांत जास्त तो ओटा सर्वांत बेभरवशाचा आणि दुरुस्तीला सर्वांत अवघड असायला हवा. डू पाँट कंपनीने १९६७ साली विकसित केलेला, कोरियन या नावाचा ॲक्रिलिकचा ओटा (या नावाचा कोरिया देशाशी संबंध नाही) हा त्याला रोखठोक अपवाद आहे. त्यात साधारण एक तृतीयांश ॲक्रिलिक राळ आणि उरलेले ॲल्युमिनियमचे एक पांढरे खनिज संयुग असते. तो क्वार्ट्झपेक्षाही लवकर भाजतो, कारण ॲक्रिलिक शंभर अंशांच्या थोडे पुढे गेले की मऊ पडू लागते. तरीही भाजल्याची खूण कायमची काढता येते ती याच ओट्यावरून. पॉलिश पेपर ओला ठेवून आधी खरबरीत, मग बारीक नंबरचा फिरवावा, मोठ्या वर्तुळात फिरवावा म्हणजे खळगा पडत नाही, आणि शेवटी भोवतालच्या चकाकीशी जुळवून घ्यावे. डाग खोल असला तर कारागीर त्याच पत्र्याच्या उरलेल्या तुकड्याचे ठिगळ ॲक्रिलिकच्याच गोंदाने असे बसवतो की जोड शोधावा लागतो. या अपवादाने मुद्दा खोडला जात नाही, उलट नेमका होतो. भाजेल की नाही हे राळ ठरवते. दुरुस्त होईल की नाही हे ती कशी पसरली आहे त्यावर अवलंबून असते. कोरियनमध्ये वरपासून खालपर्यंत एकच वस्तू आहे, म्हणून वरचे अर्धा मिलिमीटर गेले तरी खाली तेच सापडते. लॅमिनेटमध्ये खाली दुसरेच काही सापडते. क्वार्ट्झमध्ये सापडते तेच, पण ते इतके कठीण की तिथवर घरच्या हाताने पोचता येत नाही. ओटा बसवून झाल्यावर उरलेले तुकडे कंत्राटदाराबरोबर जाऊ देऊ नयेत, ते माळ्यावर ठेवावेत, हा सल्ला म्हणूनच लाखमोलाचा आहे.

ग्रॅनाइट आणि कडप्प्यावर भाजल्याचा म्हणून दिसणारा डाग बहुतेक वेळा भाजल्याचा नसतोच. काळा गोल असेल तर तो करपलेल्या तेलाचा थर असतो. नखाने खरवडला की कडेने सुटतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, तासभर भिजवण आणि प्लॅस्टिकची पट्टी एवढ्याने तो जातो. ग्रॅनाइटवर क्वचित खरा पिवळेपणा येतो, आणि तिथेही राळच सापडते: लादीतल्या बारीक चिरा भरायला कारखान्यात इपॉक्सी चढवलेली असते. कडप्प्यावरच्या पांढऱ्या डागाची कहाणी याहून मजेची. तो पाहून लोक लिंबू चोळतात, आणि डाग वाढतो. कारण तो बहुधा लिंबानेच, चिंचेच्या कोळाने किंवा सांडलेल्या सोलकढीने पडलेला असतो. आम्ल चुनखडकाला खाते आणि तिथली चकाकी जाते. बाथरूमचे ॲसिड लावणारे महाभागही असतात, त्यांना पुढच्या वेळी नवीन ओटाच लागतो. स्टीलच्या ओट्यावर तांबूस-निळे वलय दिसते ते तर निव्वळ ऑक्साइडच्या अतिपातळ थरावर प्रकाशाने केलेले खेळ; तीनशे अंशांच्या आसपास गवती पिवळा रंग येतो, सहाशेकडे जाताना गडद निळा. धातूच्या पॉलिशने ते उतरते, नाही उतरले तरी अपाय नाही.

घरगुती तोडग्यांचे समर्थक म्हणतील की खाण्याच्या सोड्याने आणि टूथपेस्टने डाग गेलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. पाहिले असतीलच. जे गेले ते डाग वर बसलेले होते. सोडा हा मऊ खरवडणारा पदार्थ, चुनखडकापेक्षाही थोडा मऊ, म्हणून करपलेला थर काढायला तो उत्तम आणि निर्धोकही. टूथपेस्टमध्ये बारीक अपघर्षक असते. तिने लॅमिनेटचा डाग फिकट वाटतो तो चकाकी उतरल्यामुळे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा तोडगा मात्र फेसाच्या दिमाखावर जगतो आहे: आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करतात आणि हाती उरते ते जवळपास खारट पाणी. हिरवी घासणी सगळ्यात धोक्याची, कारण तिच्यात बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि ते राळेलाच काय, ग्रॅनाइटच्या पॉलिशलाही पुरून उरतात. तेव्हा क्रम असा ठेवावा की आधी नखाने खरवडून पाहायचे, मग तिरप्या उजेडात पाहायचे, आणि बोट फिरवल्यावर डागाची जागा आजूबाजूच्या पातळीतच लागली तर घासणे तिथेच थांबवायचे.

‘एक अडणी ठेवा आणि विषय मिटवा’ हा शहाणा सल्ला राहतोच. तो बरोबर आहे आणि अपुरा आहे. आपल्या स्वयंपाकात एका वेळी डाळीचा कुकर, भाजीची कढई, फोडणीचे पळे आणि तवा अशी चार भांडी चढ-उतार करतात. फोडणी जळायला आलेली असताना अडणी शोधायला हात मोकळा नसतो. सवयीवर नियम लादण्यापेक्षा ओट्याने सवयीला जागा द्यावी हे बरे. शेगडीच्या उजव्या-डाव्या बाजूला फूटभर अस्सल ग्रॅनाइट किंवा कडप्पा, आणि बाकी ओटा हवा त्या पांढऱ्या पत्र्याचा, असे करायला अडचण काहीच नसते. अडते ते फक्त ‘एकसंध दिसले पाहिजे’ या हट्टापाशी. नवा ओटा ठरवायला जाल तेव्हा दुकानदाराला तो किती कठीण आहे हे विचारू नका. त्यात राळ किती आहे, किती अंशांपर्यंत चालतो आणि उष्णतेचे नुकसान हमीत धरले आहे का, हे लेखी मागा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असे असते.